नववीची मुलगी, फ्रेंचला 80 पैकी 41, शिकवणी लावू का? जरा सविस्तर सांगते

एका बाबांनी विचारलंय. मुलगी नववीत, सीबीएसई शाळा, सहावीपासून फ्रेंच आहे, आठवीपर्यंत कायम ऐंशी टक्क्यांच्या वर, आणि यंदा सहामाहीला 80 पैकी 41. वर्षाच्या मध्येच शाळेतल्या मॅडम बदलल्या. घरात कुणालाच फ्रेंच येत नाही, नवरा-बायको दोघंही मराठी मीडियमचे. तर एकटीला शिकवणारं कुणी घरी बोलवायचं का ऑनलाइन, आठवड्यातून किती दिवस, सोलापुरात असं कुणी मिळतं तरी का, आणि कुणीतरी त्यांना सांगितलंय की सोडा ओ फ्रेंच, संस्कृत घ्या, स्कोरिंग असतं.

मी 2007 पासून सोलापुरात फ्रेंच शिकवते, आधी विजापूर रोडला एका खोलीत ग्रुप घ्यायचे, आता जुळे सोलापूरला घरीच, आणि बरीचशी मुलं एकेकटी. त्यामुळे या प्रश्नावर माझं मत एकतर्फी असणार हे आधीच धरून चाला, माझं पोट यावरच आहे. तरीही सांगते की निम्म्या पालकांना मी पहिल्या भेटीत "तुम्हाला वैयक्तिक शिकवणीची गरज नाही" असं सांगून परत पाठवते.

संस्कृतचं आधी उरकते. नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच कोर्स धरतात, जी भाषा नववीला घेतली तीच दहावीच्या बोर्डाला. अर्धं वर्ष संपल्यावर बदलायचं तर शाळेची परवानगी लागणार, शिवाय संस्कृतची सहावी ते आठवी कुठून भरून काढणार? 41 मार्कांसाठी एवढा उपद्व्याप नको. हे 41 सुधारण्यासारखे आहेत.

आता मूळ गोष्ट. तुम्ही विचारताय की कोण शिकवेल आणि किती दिवस, पण 39 मार्क गेले कुठे हे तुम्ही लिहिलेलंच नाही, बहुतेक तुम्हालाही माहीत नसेल. यात तुमचा दोष नाही, मुलं घरी टोटल सांगतात, पेपर दाखवत नाहीत. सीबीएसईचा फ्रेंचचा लेखी पेपर 80 चा असतो आणि त्याचे ढोबळ चार भाग असतात. उतारा वाचून उत्तरं 10 मार्कांना, पत्र-मेसेज वगैरे लेखन 20 ला, व्याकरण 30 ला, आणि धड्यांवरचे प्रश्न, ज्याला कल्चर-सिव्हिलायझेशन म्हणतात, ते 20 ला. बोर्ड दरवर्षी नमुना पेपर साइटवर टाकतं, फ्रेंचचा कोड 018, तिथे ताजी वाटणी बघून घ्या. या चारपैकी कुठल्या भागात किती गेले यावर सगळं अवलंबून आहे. धड्यांवरचे मार्क गेले असतील तर शिकवणी लावणं म्हणजे पैसे पाण्यात, तिने धडे वाचले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. उताऱ्यात गेले असतील तर शब्द कमी पडतायत, तो रोजच्या वाचनाचा प्रश्न आहे. व्याकरण आणि लेखनात गेले असतील तर मात्र कुणीतरी शेजारी बसून बघायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती, 80 पैकी 38. वडील म्हणाले मॅडम पहिल्यापासून सगळं घ्या. मी पेपर मागितला आणि समोर बसून मार्क मोजले. उताऱ्यात 10 पैकी 6, लेखनात 20 पैकी 9, धड्यांवर 20 पैकी 12, आणि व्याकरणात 30 पैकी 11. म्हणजे एकट्या व्याकरणात 19 गेलेले. मग त्या 19 वर पेन्सिलने खुणा केल्या तर त्यातले 13 एकाच कारणाने गेलेले निघाले. क्रियापदाचं रूप चुकलेलं, आणि तेही अवघड क्रियापदांचं नाही ओ, एत्र, आव्वार, आले, फेर. असणे, जवळ असणे, जाणे, करणे. सहावीच्या पहिल्या तिमाहीतली गोष्ट.

ही चार एवढी महत्त्वाची का, ते सांगते, कारण सगळ्या उत्तराचं मर्म इथेच आहे. नववी-दहावीत फ्रेंचमध्ये एकदम काळांचा पाऊस पडतो. झालेला भूतकाळ म्हणजे पासे काँपोझे, चालू असलेला भूतकाळ आँपार्फे, भविष्यकाळ, जर-तर, पुढे इच्छा-शंका सांगायचं सुब्जाँक्तीफ. मुलांना वाटतं हे दहा वेगळे धडे आहेत. तसं नाहीये. पासे काँपोझे करायचं तर मुख्य क्रियापदाच्या आधी आव्वार किंवा एत्रचा साधा वर्तमानकाळ लागतो. 'आता करणार आहे' म्हणायचं तर आलेचा वर्तमानकाळ लागतो, 'नुकतंच केलं' म्हणायचं तर व्हनीरचा, म्हणजे 'येणे'चा. आँपार्फेचं मूळ काढायचं तर वर्तमानकाळातलं 'आम्ही'चं रूप घ्यायचं, त्याची शेपटी कापायची आणि नवी लावायची. सुब्जाँक्तीफ बहुतेक वेळा वर्तमानातल्या 'ते'च्या रूपावरून. जर-तरचं रूप म्हणजे भविष्यकाळाचं मूळ आणि आँपार्फेच्या शेपट्या. सगळी इमारत वर्तमानकाळावर उभी, आणि आठवीपर्यंत तोच कच्चा असला तरी मार्क येतात, कारण खालच्या इयत्तांत शाळेचा पेपर वहीतलाच असतो, रिकाम्या जागा पाठ करून भरता येतात. नववीत पाठांतराची दोरी तुटते. म्हणून आठवीपर्यंत ऐंशी टक्के आणि नववीत धाडकन निम्मं, हे मी दर वर्षी बघते. मॅडम बदलल्या म्हणून झालं असं तुम्हाला वाटतंय, थोडंफार असेलही, पण मॅडम बदलल्या नसत्या तरी बहुतेक हेच झालं असतं, दोन महिने उशिरा.

त्या मुलीला मी पाच आठवडे दुसरं काही शिकवलंच नाही. वडील दर शनिवारी विचारायचे, "मॅडम, पोर्शन कुठपर्यंत आला?" मी म्हणायचे, जे आणि ज स्वीपर्यंत, म्हणजे 'माझ्याकडे आहे' आणि 'मी आहे'.

हसू नका, सुरुवातीला मी स्वतः याच्या उलट केलंय. पहिल्या वर्षी एका मुलाला मी धडा एकपासून सगळं परत शिकवलं, छान छापील नोट्स दिल्या, प्रत्येक पत्राचं तयार उत्तर दिलं. वार्षिकला त्याने पाठ केलेलं दिवाळीचं पत्र जसंच्या तसं उतरवलं, प्रश्न होता मित्राला सुट्टीचा बेत कळवा. पठ्ठ्याने शेवटी एक ओळ जोडलेली, "मी सुट्टीत पण दिवाळी करतो." 10 पैकी 2. ती चूक त्याची नव्हती, माझी होती. मी चार महिने शिकवत होते आणि तो चार महिने बघत होता.

वैयक्तिक शिकवणीचा फायदा एवढाच की चूक होताना कुणीतरी बघत असतं. वर्गात चाळीस मुलं, मॅडमना वही दिसते पण हात दिसत नाही. पोरगी 'इल-झों' म्हणतीये का 'इल-सों' हे चाळिसांच्या वर्गात ऐकू येत नाही. पहिल्याचा अर्थ 'त्यांच्याकडे आहे', दुसऱ्याचा 'ते आहेत', मध्ये फक्त एका आवाजाचा फरक, जमीनमधला ज का सकाळमधला स. ज्या मुलाला हा फरक कानाने कळत नाही तो कागदावर पण गोंधळतो. ही गोष्ट समोर बसलेल्या माणसाला दोन मिनिटांत कळते. पण समोर बसलेला माणूसच जर पाऊण तास बोलत राहिला तर एकटीची शिकवणी आणि यूट्यूब यात फरक काय राहिला?

म्हणून पालकांना मी एकच परीक्षा सांगते. शिकवणी चालू असताना शेजारच्या खोलीत बसा आणि कान द्या. आवाज कुणाचा येतोय? निम्म्या वेळेच्या वर सरांचा किंवा मॅडमचाच येत असेल तर महिना संपला की थांबवा. तुम्हाला फ्रेंच येत नाही याने इथे काही अडत नाही.

माझा स्वतःचा तास कसा जातो ते सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. पाऊण तास, त्याहून जास्त नाही. आल्या आल्या पाच वाक्यांचं डिक्टेशन, आधीच्या तासाच्याच चुकांवरून बनवलेलं. मग ती पाच वाक्यं मुलीने स्वतः लाल पेनने तपासायची, मी फक्त "तिसऱ्या ओळीत काहीतरी आहे" एवढंच म्हणते. हे तपासणं महत्त्वाचं, कारण परीक्षेत तिच्या बाजूला मी नसते. मग एकच नवीन गोष्ट, दहा-बारा मिनिटं. मग त्यावर तिने बोलायचं, मोडकंतोडकं का होईना, आणि शेवटी सहा-सात ओळी लिहायच्या, माझ्यासमोर, घरून नाही. घरून लिहून आणलेलं पत्र मी बघतच नाही हल्ली. ट्रान्सलेट केलेलं लगेच ओळखू येतं, मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात 'वू' असतं. इंग्रजीतल्या यूला तू पण म्हणता येतं आणि आपण पण, मशीनला कळत नाही आणि ते सरळ आदरार्थी ठोकून देतं. मराठी पोरीला तू आणि तुम्ही शिकवायला लागत नाही, ती स्वतः लिहिली तर मैत्रिणीला 'वू' म्हणणारच नाही. मशीन वापरूच नका असं नाही, आधी कागदावर स्वतः लिही आणि मग क्रियापदाचं रूप बरोबर आहे का एवढं तपासायला वापर, हे चालतं.

इथे एक गोष्ट जरा ताणून सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. आपल्या मुलांना शाळेत फ्रेंच इंग्रजीतून शिकवतात. आणि इंग्रजीत ज्या गोष्टी नाहीतच त्या मुलांना फार अवघड वाटतात, खरं म्हणजे त्या मराठीत रोज चालू असतात. लिंगाचंच घ्या. फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी कसं, असं पोरं विचारतात. अगं पण मराठीत खुर्ची ती आणि पलंग तो का, हे तुला कुणी शिकवलं? तू ऐकून ऐकून शिकलीस. अर्थात शब्दाशब्दाला जुळवायला जाऊ नका, चंद्र आपल्याकडे तो आणि फ्रेंचमध्ये ती, पुस्तक आपल्याकडे ते आणि तिकडे तो, म्हणून शब्द पाठ करताना कायम त्याच्या आधीचा ल (पुल्लिंगी) किंवा ला (स्त्रीलिंगी) जोडूनच पाठ करायचा.

पण खरी मजा भूतकाळात आहे. 'मी गेले' आणि 'मी गेलो', मुलगी बोलतीये का मुलगा ते मराठीत क्रियापदावरून कळतं. फ्रेंचमध्ये नेमकं तसंच, जाणे-येणे जातीच्या क्रियापदांना एत्र लागतं आणि मुलगी लिहीत असेल तर शेवटी एक जास्तीचा ई (e हे अक्षर) येतो. ऐकायला दोन्ही सारखंच, 'ज स्वी आले', म्हणून मुली तो ई विसरतात आणि मार्क घालवतात. मी सांगते, मनात आधी मराठी म्हण, 'मी गेले', त्या 'ले'मध्ये तुझा ई बसलाय. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हा आधार मिळतच नाही.

याच्या पुढची पायरी दहावीची, जी भल्याभल्यांना रडवते. आव्वारवाल्या क्रियापदांना एरवी ई-बी काही लागत नाही, पण ज्या वस्तूवर क्रिया झाली ती वाक्यात आधी आली तर लागतं. 'मी भाकरी खाल्ली' याला फ्रेंचमध्ये काही नाही, पण 'मी खाल्लेली भाकरी' असं म्हटलं की भाकरी फ्रेंच वाक्यात क्रियापदाच्या आधी येते आणि क्रियापदाला तिचा ई चिकटतो. नियम म्हणून सांगितलं की पोरं जांभया देतात. 'खाल्लेली भाकरी, खाल्लेला आंबा' म्हटलं की लक्षात येतं, अरे हे तर आपण बोलतोच. मराठीत पहिल्या वाक्यातही क्रियापद भाकरीप्रमाणेच बदलतं, तेवढा फरक सांगून ठेवायचा.

आणि सोलापूरच्या मुलांना याचा आणखी फायदा आहे, कारण इथलं पोर एका भाषेवर वाढतच नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, दोस्तांत हिंदी-दखनी, शाळेत इंग्रजी. अशोक चौकातून येणारी माझी तेलुगू घरची मुलं पाचव्या भाषेला घाबरत नाहीत हे मी कायम बघत आलीये. फ्रेंचमधला तो घशातला र आहे ना, त्यावर मी पुण्यात शिकताना महिनाभर गुळण्या केल्यासारखी करत होते, रानडे इन्स्टिट्यूटला आमच्या वर्गात सगळे हसायचे. इथे उर्दू घरातली मुलगी आली की मी म्हणते ग़रीब म्हण, ग़ुलाम म्हण, बस, तो ग़ जरा मऊ कर, झाला तुझा र. पहिल्याच तासाला जमतं. 'त्यू'मधला तो उ जमत नसेल तर ओठ ऊ म्हणायला काढतो तसे काढायचे आणि आतून ई म्हणायची. आरशासमोर, लाजायचं नाही.

मुकी अक्षरं पण तशीच. शेवटचं अक्षर लिहायचं पण बोलायचं नाही, हे पोरांना अन्यायकारक वाटतं. त्यांना विचारते, एसटीचा डेपो कसा लिहितात इंग्रजीत? शेवटी टी आहे. बोलतो का आपण डेपोट? लग्नात बुफे म्हणतो का बुफेट? बुके देतो का बुकेट? हे सगळे फ्रेंचच शब्द, मुके टी घेऊनच आपल्याकडे आलेत. त्या 38 मार्कवाल्या मुलीच्या पुस्तकात प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलने बारीक देवनागरीत उच्चार लिहिलेले होते, आणि 'ते बोलतात' याच्यावर लिहिलं होतं 'इल पार्लेंट'. तिथे शेवटची ई-एन-टी तिन्ही अक्षरं मुकी, बोलताना फक्त 'इल पार्ल', 'तो बोलतो'सारखंच. ती पार्लेंट पार्लेंट पाठ करत होती, म्हणून मॅडम वर्गात डिक्टेशन घ्यायच्या तेव्हा तिला एकवचन-अनेकवचन काही कळायचंच नाही. आम्ही पहिला अख्खा तास खोडरबर घेऊन ते सगळं पुसलं, दोघींनी मिळून, अर्धं पुस्तक. मी इथे देवनागरीत लिहितेय ते तुमच्यासाठी, तुमच्या मुलीच्या पुस्तकात असं काही दिसलं तर पुसा.

आता तुमचे बाकीचे प्रश्न.

घरी का ऑनलाइन? सोलापुरात नववी-दहावीचं फ्रेंच नीट शिकवणारे लोक बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यातले काही शाळेत नोकरीला, आणि तुमच्याच शाळेतल्या मॅडमकडे खासगी शिकवणी लावायला मी सांगणार नाही, बऱ्याच शाळांना ते चालत नाही आणि पोरीलाही अवघडल्यासारखं होतं. मग उरतात दोन वाटा. एक, पुण्या-मुंबईचं कुणीतरी ऑनलाइन. दुसरी, गावातलंच कॉलेजचं मुलगा-मुलगी ज्यांनी डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी टू ही वरची पातळी पास केलीये, ते सुट्टीपुरते आले नसतील आणि वर्षभर इथेच असतील तर. माझं मत विचाराल तर शेजारी बसून वही बघणारं बी टू झालेलं पोर, स्क्रीनवर एकदम बारा जणांना 'वैयक्तिक लक्ष' देणाऱ्या मोठ्या नावापेक्षा केव्हाही बरं. पण एकास एक असेल तर ऑनलाइनला माझा अजिबात विरोध नाही, मी स्वतः अक्कलकोटच्या एका मुलाला तीन वर्षं तसंच शिकवलं. अट एकच, कॅमेरा तोंडावर नको, वहीवर हवा. आम्ही काय केलं, डाळीचे दोन उंच डबे, त्यावर आडवी पट्टी, पट्टीवर मोबाइल उलटा, खाली वही. लिहिताना हात दिसतो. फक्त तोंड दिसत असेल तर पोरगं पुस्तक उघडून उत्तरं देतं आणि शिक्षकाला पत्ता नसतो.

घरी येणारे असतील तर वेळ नीट ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी चारला सोलापूरच्या उन्हात आलेला शिक्षक आणि शाळेतून भाजून आलेली पोरगी, दोघंही काही कामाचे नसतात. मी उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला घेते.

किती दिवस? आठवड्यातून तीन वेळा पाऊण तास, पहिले सहा आठवडे. त्यानंतर दोन वेळा. रविवारी सलग दोन-अडीच तास ही पद्धत भाषेला अजिबात चालत नाही, गणिताला कदाचित चालेल. एका शिकवणीपासून पुढच्या शिकवणीपर्यंत तीन-चार दिवसांहून जास्त अंतर पडणार नाही असं बघा, आठवड्याने भेटलं की निम्मा वेळ मागचं आठवण्यात जातो. आणि जन्मभर लावून ठेवू नका. तीन महिन्यांनी परत पेपर मोजा. फीचा आकडा सांगत नाही कारण माणसागणिक बदलतो, पण एकटीची फी ग्रुपच्या दुप्पट-तिप्पट असणारच, ती महिन्यावर न ठरवता तासावर ठरवा म्हणजे गैरहजेरीवरून वाद होत नाहीत.

शिक्षक निवडायचा कसा? डेमो मागा, आणि डेमोला पोरीचा तोच पेपर द्या. जो माणूस चुकीच्या उत्तरावर बोट ठेवून "हे असं का लिहिलंस?" असं पोरीला विचारतो तो कामाचा. जो लगेच बरोबर उत्तर सांगायला लागतो त्याच्याकडे ज्ञान असेल पण तुमच्या पोरीचं काम होणार नाही. पंच्याण्णवच्या वर गॅरंटी, तयार नोट्स, असं कुणी म्हणालं की चहा पाजा आणि निरोप द्या. आणि बोर्ड विचारा. सीबीएसई, आयसीएसई, आणि आपल्या स्टेट बोर्डाचं अकरावी-बारावीचं फ्रेंच, तिन्हींची पुस्तकं आणि पेपर वेगळे. ज्याने फक्त बारावीच्या मुलांना शिकवलंय त्याला नववी सीबीएसईचं पुस्तक निदान एकदा चाळायला सांगा.

कुणीतरी तुम्हाला डेल्फ करा म्हणेल. चांगली परीक्षा आहे, फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं सर्टिफिकेट, पुण्यात आलियाँस फ्राँसेझला देता येते, ऐकणे-वाचणे-लिहिणे-बोलणे प्रत्येकी 25 मार्क, 100 पैकी 50 ला पास आणि प्रत्येक भागात किमान 5 लागतात, एकदा मिळालं की कायमचं. पण शाळेच्या पेपरचा ढंग वेगळा. आत्ता 41 वर असताना दोन घोड्यांवर पाय नको, दहावीनंतरच्या सुट्टीत ए टू ही सुरुवातीची पातळी द्या, हुतात्मा एक्सप्रेस पकडली की चार तासांत पुणे.

एक अपवाद सांगून ठेवते. फक्त फ्रेंचच नाही, इंग्रजी-हिंदीतही तिची स्पेलिंग विचित्र चुकत असतील, अक्षरं मागेपुढे होत असतील, वाचताना ओळ निसटत असेल, तर आधी वाचन-लेखनाच्या अशा अडचणी ओळखणाऱ्या जाणकाराला दाखवा. तो आळस नसतो, आणि शिकवणीने तो सुटत नाही.

आणि तुम्ही दोघं. घरात कुणाला फ्रेंच येत नाही असं तुम्ही दोनदा लिहिलंय, जसा काही गुन्हाच. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी, सत्तरीच्या पुढची, शाळा चौथीपर्यंत. नात माझ्यासमोर फ्रेंच आकड्यांवर चिडली होती. सत्तरला साठ-आणि-दहा म्हणतात, ऐंशीला कात्र-वँ म्हणजे चार-वीस, नव्वदला चार-वीस-दहा, हे काय येडपटासारखं मोजणं. आजी खाली बसून चटणीसाठी शेंगा फोडत होती, वर न बघता म्हणाली, "अगं मग चार विसाच की. आमच्या गावात तसंच मोजायचे." पोरगी गप्पच झाली. त्यानंतर महिनाभर आजीने तिच्याकडून रोज शंभरपर्यंत म्हणून घेतलं, एकही शब्द न कळता, नुसतं अडखळली की "हां, परत" म्हणायची. अडखळणं ऐकायला भाषा यावी लागत नाही. आणि मराठीत एकोणऐंशी म्हणणाऱ्यांनी फ्रेंच आकड्यांना नावं ठेवूच नयेत.

तुम्ही पण तेवढंच करा. रोज रात्री जेवण झालं की दहा मिनिटं पुस्तक तुमच्या हातात, तिने एका क्रियापदाची सहाही रूपं म्हणायची आणि मग न बघता लिहायची, तुम्ही अक्षर अक्षर जुळवायचं. आज आव्वार, उद्या एत्र. आठवड्यातून एकदा तिला पाच ओळी स्वतःच्या गोष्टीवर लिहायला लावा, पुस्तकातल्या पॅरिसवर नको. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येईल, सात नंदीध्वज निघतील, तिथे कुणाबरोबर गेली, काय खाल्लं, पाळण्यात बसली का घाबरली, यात पासे काँपोझे पण येतो आणि आँपार्फे पण. गेले, खाल्लं, बसले हा झालेला भूतकाळ, आणि गर्दी होती, थंडी वाजत होती हा दुसरा. दोन्हींमधला फरक ज्या दिवशी तिला स्वतःच्या यात्रेवरून कळेल त्या दिवशी लेखनाचे मार्क आपोआप हलतील. गड्ड्याच्या दिवसांत मात्र अभ्यास होणार नाही हे आधीच धरून वेळापत्रक करा, मी तर त्या आठवड्यात तासच ठेवत नाही, कुणी येत नाही.

उद्या शिक्षक शोधायला लागायच्या आधी तो 41 चा पेपर मिळवा. शाळेने घरी दिला असेल तर उत्तम, नसेल तर पुढच्या पालकसभेत बघायला मागा. फोटो काढू देत नसतील तर एका कागदावर चार रकाने आखून न्या, उतारा, लेखन, व्याकरण, धडे, आणि तिथेच उभ्या उभ्या प्रत्येकाखाली किती गेले ते लिहून आणा. व्याकरणाच्या रकान्यात क्रियापदाच्या रूपाच्या चुका वेगळ्या मोजा, मुलीला बरोबर घेऊन जा म्हणजे ती सांगेल कुठली. तो कागद इथे टाकलात तर शिकवणी लागणार का नाही ते मी तुम्हाला सांगू शकेन.